पांढऱ्या कापडाखालचा बैल

सॉल्ट लेक, कोलकाता

प्रिय निर्मलाताई,

तुला नमस्कार. माझा गुडघा आता बरा आहे, काळजी करू नकोस. तुला झोप लागते का गं?

शाळेत मुलांसाठी ब्राझीलची कार्यशाळा घेते आहे. तिथल्या एका लोकनाट्यात बैल मरतो आणि सगळे गाऊन-नाचून त्याला उठवतात. मुलांनी पुठ्ठ्याचा बैल केला, त्याला टिकल्या लावल्या. तान्ह्या पोळ्याला दादा, तू आणि मी असे आपण तिघं लाकडी बैल ओढत घरोघर जायचो, ते आठवलं.

काल तालीम होती. बैल मेला, मी त्याच्यावर पांढरं कापड घातलं. गाणं संपलं तरी ते काढायला माझा हात उठेना. महिन्यापूर्वी आपण दादावर असंच घातलं होतं.

तेवढ्यात बैलाच्या आत बसलेली मौपिया ओरडली, "मिस, जल्दी! बहुत गरमी है!" सगळे हसले, मीही हसले. बैल उठला.

घर आवरताना दादाचा लाकडी बैल सापडेल. त्याचं एक चाक तुटलेलं आहे. तो कुणाला देऊ नकोस, आणि कापडात गुंडाळूनही ठेवू नकोस. समोरच्या खोलीत उघडाच उभा राहू दे.

तुझी,
विनीता