नळीतलं जेवण

५ मे १९८६, सोमवार
मुलुंडच्या या इस्पितळात आजपासून मुक्काम. स्कूटरवरून पडलो, जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. विमला म्हणाली, लग्नाला नऊ वर्षं झाली, आता कुठे घरात शांतता. नाकातून नळी घातलीय, जेवण तिच्यातूनच: दूध, अंडं, साखर, केळं, सगळं मिक्सरमधून काढलेलं. दर दोन तासांनी, पिचकारीनं. बोलायचं ते वहीत. पलंग मात्र झकास जागी. समोर पँट्री, तिथे शेवंतीमावशी जेवण बनवते. मालवणची, माझ्यासारखीच. मला झील म्हणते, म्हणजे लेक.

६ मे
दिवसभर मावशीचं काम बघत पडलो. डेअरीत दूध तपासणारा माणूस मी, खोड जात नाही. सकाळी सहाला एकदाच मोठ्या स्टीलच्या डब्यात सगळं कालवते, मग दिवसभर त्यातूनच. डबा फ्रीजमध्ये मावत नाही, म्हणून ओट्यावर. या उकाड्यात. जरा खटकलं.

८ मे
आज कळलं. ती डबा धुतच नाही. तळाशी दोन पळ्या राखते आणि दुसऱ्या दिवशीचं ताजं त्यावरच ओतते. अन्नाचं भांडं कोरडं करू नये, असं सिस्टरला सांगत होती. माझी आईही तांदळाच्या डब्यात मूठभर ठेवायची. पण बाई गं, हे दूध-अंडं आहे. रोज विरजण लावतेयस तू, आणि कशाचं, ते मी डेअरीत सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंय.
शेजारच्या पलंगावर मार्तंडराव, त्यांनाही नळी. तापानं फणफणलेत. जुलाब थांबत नाहीत.

९ मे
प्रेमा सिस्टरला चिठ्ठी लिहून दिली. वाचून हसली. म्हणाली, मावशी बारा वर्षं हेच करतेय, तुम्ही आराम करा. मावशीला वाचता येत नाही. मी डब्याकडे बोट दाखवून हात हलवला. तिला वाटलं, भूक लागलीय. एक पळी जास्त दिली.

११ मे
मार्तंडराव सकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मलाही ताप. पोटात कळा. म्हणे जबड्याच्या जखमेचा ताप. विमलासाठी सगळं लिहून ठेवलंय, चारला येईल.
नाही आली. जुलाबाची साथ म्हणून वॉर्डात भेटी बंद.

१२ मे
नळी उपटली. चौघांनी धरून परत घातली. डावा हात पलंगाला बांधलाय. मला भीती वाटतेय. दोन तास झाले की पावलं— तोंड बांधलेलं, उलटी झाली तर जाणार कुठे—

१३ मे
नळीवरच्या आणखी तिघांना ताप. उजवा हातही आज बांधणार—
मावशी आली. माझ्याकडे बघून रडली. म्हणाली, झील किती सुकला. तळाचं दाट राखलंय माझ्यासाठी, कुणाला दिलं नाही. वही तिच्यापुढे धरली— मायेनं बाजूला केली. पिचकारी भरतेय. नको— मावशी, न