पासपोर्टवर हिरा, तिकिटावर कमल

३ फेब्रु., दिल्ली विमानतळ
जावयानं तिकीट काढण्याआधी मला एक शब्द विचारला असता तर जीभ झडली असती का त्याची?
मंजूचं पहिलंच बाळंतपण, तेही परदेशात. जवळ बाईमाणूस नाही, म्हणून निघाले. मुलगा, रवी, सोडायला आलाय. तर दाराशीच शिपायानं अडवलं.
"माताजी, पासपोर्ट पे ये हिरा कौन?"
"मैं."
"और टिकट पे कमल?"
"वो भी मैं."
त्यानं रवीकडे पाहिलं. रवीनं जमिनीकडे.
धानोऱ्याच्या शाळेत मी हिरा. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर कमल लिहिलं, तेव्हापासून हिरा म्हणायला कोणी उरलं नाही. पासपोर्ट निघाला शाळेच्या दाखल्यावरून. जावयानं त्यातला नंबर तेवढा उतरवला. सासूचं नाव त्याला पाठ ना!
विमान गेलं.

३ तारीखच, संध्याकाळ
बाहेर तिकिटाची खिडकी आहे. तिथली पोरगी चांगली. म्हणाली, ५ तारखेच्या विमानात जागा धरून ठेवते, पण नाव बदलायला ज्यानं तिकीट काढलं त्यानंच सांगायचं. मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. रवी म्हणे, "आई, तू तरी सांगती ना तुन्हं नाव." पन्नास वर्षांत कोणी विचारलं नाही, आणि मी काय दवंडी पिटायची?

४ फेब्रु.
जावयाला चार फोन. लाजतो. माझा काय, रवीचा काय, आवाज ऐकला की फोन मंजूच्या हातात. तिच्यासमोर काय बोलणार?
मंजू : "माय, विमानमा बसनी का?"
मी : "बसी ऱ्हायनी."
खोटं बोलले. तिच्या पायाला सूज आहे म्हणे. डॉक्टर उद्या सकाळीच भरती करणार. आवाज बारीक झालाय पोरीचा. ठेवताना म्हणाली, "तू येशी तवपर्यंत मी थांबसू." अशी थांबतात का बाळं? वेडी.
तिच्यासाठी केलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचा डबा रवीच्या मांडीवर. निम्मे पापड चुरले. असू दे, चुरा दुधात चालतो.

५ फेब्रु., सकाळ
खिडकी उघडली. जावयाचा निरोप अजून नाही. येणार कसा, त्याला अजून काही माहीतच नाही. पोरगी म्हणते, दुपारी दोनपर्यंत वाट बघते.
रवीला सांगितलं, लाव परत. मंजूनं घेतला तर बंद कर, पुन्हा लाव. तिला काही कळू द्यायचं नाही. सासूशी बोलायची लाज नंतर धर म्हणावं, आज फोन जावयानंच उचलायचा.