पूजेला काढलेला प्रोसेसर

सिंधू,

मी बदनापूरच्या क्लासवर चाललोय. घरचा कम्प्युटर आज तूच जोड, तुझा हात हलका आहे. नवा प्रोसेसर डबीत ठेवलाय. आधी वायर काढ, कम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्याला हात लाव म्हंजी अंगातली वीज उतरती, मंग प्रोसेसरच्या जागेच्या बाजूची दांडी उभी कर. कोपऱ्यावरची खूण जुळली की तो आपोआप बसतो, बिलकुल दाबायचा न्हाई.

काल दसऱ्याच्या पूजेला काढलेल्या प्रोसेसरला तू कुंकू लावलं. मी परत बसवल्यावर मशीन चालू झाली न्हाई, तर कुंकवानंच बिघडली म्हणून सोनं द्यायला आलेल्या तुझ्या भावासमोर मी तुला अडाणी म्हणलो. आज सकाळी तो काढून उलटा करून पाह्यला. कुंकू वरच्या अंगाला होतं. पिना खाली असतात, अन् दांडी न उचलता दाबून त्या मीच वाकवल्यात.

संपत