डोळ्यावरचा बर्फ

बाबा, काल डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत तुमचा जुना विनोद आठवला आणि हसू आले. ओठांची डावी कड मात्र उचललीच नाही.

बल्लारपूरच्या बाजारात दिवस कलला की तुमची उजवी पापणी उतरत असे. गिऱ्हाईक डिवची, "काऊन भाऊ, आत्ताच चढवून राह्यले काय?" तुम्ही मासळीवरचा बर्फाचा खडा डोळ्यावर धरीत असा, आणि पापणी खरोखर वर जाई. "बर्फात मासोळी ताजी राह्यते, मंग डोळ्यानं काय पाप केलं?" काल माझ्या पापणीवर तसाच बर्फ ठेवला गेला आणि ती उघडली. या विधीस आता चाचणी म्हणतात, मासळीचा वास वगळून. स्नायू थकवणारा हा विकार सहसा वारशाने येत नाही म्हणे. आपल्या घराण्याने अपवादाचा मान पटकावला.

तुमचे चिरंजीव, जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वयंघोषित प्रज्ञासूर्य, आता स्वतःच धड्यातील आकृती झाले आहेत. स्नायूच्या पृष्ठभागावर चेतातंतूचा निरोप झेलणारे ग्राही असतात. ते अधूनमधून पेशीत ओढले जातात आणि त्यांतील काही पुन्हा वर येऊन कामाला लागतात, तुमचे जाळे तलावात जाऊन पुन्हा हाती येई तसे. माझ्या देहातील प्रतिपिंडे मात्र त्यांना जोडीजोडीने बांधून भराभर आत नेतात, आणि आत गेलेले बहुतेक मोडीत निघतात. निरोप येतो, झेलणारे उरत नाहीत. थंडीने निरोप दाराशी थोडा अधिक रेंगाळतो. गोळीही तेच करते. ती घेऊन, घशात बळ येण्याची प्रतीक्षा करीत, ताटापुढे बसून हे लिहितो आहे.

त्या संध्याकाळी तुम्हीही असेच बसला आहात. दिवसभर जाळे फेकून आलात, हनुवटीला हाताचा टेकू देऊन भात चावता आहात. आई विचारते, "गिळला का जी घास?" तुम्ही मान डोलावता. ती निश्चिंत होऊन चुलीकडे वळते, आणि तिच्या पाठीमागे ठसका लागतो. तो थांबला तेव्हा तुम्हीही थांबला होता. काटा अडकला, असे गाव म्हणाले. काटा नव्हता, बाबा. हे आता मी सप्रमाण सिद्ध करू शकतो. श्रोते तेवढे उरले नाहीत.

बायकोने मऊ भात वाढला. पहिला घास घेतला. चावला. जीभ त्याला मागे ढकलीना. तिची नजर माझ्या गळ्यावर आहे.

"गेला का खाली?"

पातेले उचलून ती ओट्याकडे वळण्याच्या बेतात होती. मी मान आडवी हलवली. तिने पातेले तिथेच ठेवले, वाटी माझ्या तोंडापुढे धरली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "थुका. घाई कोणाले आहे?"

घास वाटीत पडला. आता ती शेजारीच बसली आहे, पुन्हा भात कालवते आहे. हा कागद ताटाखाली सारतो. याला पुढे कुठे जायचे नाही. एवढे मात्र तुम्हालाच सांगतो, बाबा: मान आधी डोलावायलाच निघाली होती.