सुभद्राबाईंची म्हैस

गुरुवार, संध्याकाळ

ऑपरेशन चांगलं झालं, तरी डोक्यात म्हैसच घोळतेय.

सुभद्राबाई कन्नड तालुक्यातल्या. कित्येक महिने खाल्लेलं सगळं उलटून पडायचं, नुसता सापळा उरला होता. घरच्यांनी कॅन्सरच धरला होता, बाईंनी तर मरणच. म्हणून दुभती म्हैस त्यांनी आधीच धाकट्या बहिणीला, कौसाला देऊन टाकली. गेल्या आठवड्यात मी पोट उघडलं तर जुना अल्सर निघाला. भरता भरता त्याच्या व्रणानं जठराचं खालचं तोंड आवळून टाकलेलं. जठर पुढच्या आतड्याला जोडून अन्नाला नवी वाट करून दिली. तपासणीला पाठवलेला तुकडाही साफ आला.

आज पहिल्यांदा पेज पोटात टिकली. राउंडला मी सांगितलं, "बाई, कॅन्सर नाही. आता नीट जेवाल."

त्या उशाशी बसलेल्या कौसाला म्हणाल्या, "मंग माझी म्हस आणून बांध."

कौसानं पेजेची वाटी विसळायला घेतली. मी वॉर्डाबाहेर पडले, तशी मागं आली.

"डॉक्टरीणबाई, अक्का खरंच बरी होईल का हो?"

"होतील की."

"नक्की ना?"

हे ती बहिणीसाठी विचारत होती की म्हशीसाठी? खरं तर माझं त्यात काय काम. मी नक्की म्हणाले.

तिनं पदरानं डोळे पुसले. "लई घोर होता जिवाला, बरं झालं. पर म्हस आता माझ्या हाताबिगर पान्हा सोडत नाय."