मांडीवरच्या नातीला पट्टा नाकारल्याबाबत

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी,
स्लू रिव्हर हवाई सेवा,
बेथेल, अलास्का

विषय : माझी नात नीना, वय आठ महिने, हिला विमानात पट्टा न दिल्याबाबत व आपल्या पत्रातील एक वाक्य मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्चचे दोन ओळींचे पत्र.

महोदय,

१. आमच्या गावाला रस्ता नाही, म्हणून आपली गाठ पडते. एरवी पडली नसती.

२. दि. १९ फेब्रुवारीस माझी सून मार्था पोरीला आमच्या रिवाजाप्रमाणे पाठीवर, फरच्या अंगरख्याच्या आत घालून, कमरेचा पट्टा आवळून विमानात चढली. त्या पट्ट्यावर आमच्या घरातली अकरा पोरे वाढली. आपल्या वैमानिकाने तो सोडायला लावला. "पाठीवर चालत नाही, मांडीवर घे, नियम आहे." मी शेजारीच बसले होते. विचारले, मग मांडीवर तिला पट्टा कुठला? तर म्हणे, "आजी, तिचं वजन आईच्याच वजनात धरलंय. बसा आता गप."

३. त्याच विमानात बोटीचे इंजिन, गोठवलेल्या माशांच्या चार पेट्या आणि शाळेच्या मास्तरांचा कुत्रा होता. इंजिनाला दोन पट्टे, पेट्यांवर जाळे, कुत्र्याच्या पिंजऱ्याला एक पट्टा. उतरताना वाऱ्याने विमान एकदम खाली गेले. इंजिन तसूभर हलले नाही. नीना छताला आपटली, हात मोडला. कुत्र्याची प्रकृती उत्तम असल्याचे कळविण्यास आनंद होतो.

४. आपण लिहिता, "मालाचे नुकसान नाही. बाळास आईने घट्ट धरले नव्हते." अहो, मार्था बर्फातून मूस हरणाची अख्खी तंगडी खांद्यावर आणणारी बाई आहे! अशा वेळी कुणाचेही हात पुरत नाहीत, हे आपणांस पक्के ठाऊक आहे. नाहीतर इंजिन धरायला आपण माणूसच बसवला असता. मला आपला भयंकर राग आला आहे.

५. सबब, यापुढे नीनाची नोंद माल म्हणून करावी, वजन सोळा पौंड. म्हणजे तिला बांधणे आपणांस भाग पडेल. याची लाज वाटत असल्यास तिला स्वतंत्र आसन द्यावे. त्यावर बांधायची बाळखुर्ची मी मागवली आहे.

६. ते वाक्य मात्र लेखी मागे घ्यावे, आणि पत्र मार्थाच्या नावे पाठवावे. आपले पत्र वाचल्यापासून ती पोरीला उचलत नाही. पोर रडली की मला हाक मारते आणि स्वतः भिंतीला टेकून, हात पाठीमागे धरून उभी राहते.

रिवाज म्हणून नम्र,
ल्युसिल आंगाइयाक
(नीनाची आजी)
दि. १० मार्च

सोबत : दवाखान्याचा दाखला. नीनाच्या नावाचे तिकीट जोडलेले नाही, कारण आपण ते दिलेच नव्हते.