देऊळवाडीच्या शेवटच्या घराचं पाणी

सोनखोल,
२ मे २०२५

प्रिय नमू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी पंचायतीत होते, समोर चार माणसं बसली होती. 'आमच्या घराला वर्षभर पाणी का नव्हतं?' असं तू विचारलंस आणि मी सरपंचाच्या आवाजात म्हणाले, तांत्रिक अडचण होती. तू 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझ्याशी मी त्या आवाजात आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असेन. तांत्रिक अडचण कसलीच नव्हती. वीसेक फूट पाइप आणि एक व्हॉल्व्ह, आमच्या केरू शिपायाचं अर्ध्या दिवसाचं काम. खरं उत्तर लांबलचक आहे, ते फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून आज रविवारसारखा वेळ काढून लिहायला बसले आहे.

मला अर्ज लिहायला कोणी शिकवलं, आठवतं तुला? तुझ्या आप्पांनीच. आपण सातवीत होतो आणि शाळेचं छप्पर गळत होतं. आप्पांनी आपल्या दोघींना पडवीत बसवलं आणि विषय एका ओळीत, तक्रार चार ओळींत, खाली सगळ्यांच्या सह्या असा अर्ज लिहून घेतला. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही, हेही त्यांनीच बजावलं होतं. पंधरा दिवसांत नवे पत्रे आले. माझे बाबा मुंबईला, वर्षातून दोनदा येणार, त्यामुळे प्रगतिपुस्तकावर सही हवी असली की मी तुमच्याकडे धावायची. आप्पा आपल्याला एम-एटीवर बसवून आरे-वारेला घेऊन गेले होते ना, तेव्हा लाटेत त्यांनी एका हाताने तुला धरलं होतं, दुसऱ्याने मला. सरकार म्हणजे आप्पा, असंच मला कितीतरी वर्षं वाटायचं. हे सगळं मी विसरलेली नाही, हे तुला आधी कळावं म्हणून लिहिते आहे.

लग्नानंतर मी गाव बदललं नाही, फक्त मधला ओढा, आपला पऱ्या, ओलांडून बागवाडीत गेले. तू ठाण्याला गेलीस. नितेश लोट्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होता, आठवड्याला घरी यायचा. पस्तिशीत त्याला रक्तदाबाने गाठलं आणि दोन वर्षांत दोन्ही मूत्रपिंडं गेली. मग नोकरी सोडून घरी, आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी रत्नागिरीला डायलिसिस. हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे, की त्याला रत्नागिरीला नेणं सोपं होतं, आमच्या दारातून पऱ्यापलीकडच्या रिक्षापर्यंत नेणं कठीण होतं. पऱ्यावरचा आमचा साकव, तो अरुंद पूल, मधोमध खचला होता आणि एका बाजूचा कठडा वाहून गेला होता. शाळेची पोरं एकमेकांचे हात धरून जायची. नितेशला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघंजण उचलून न्यायचे, आणि मी मागून त्याचा शर्ट धरून चालायची, जसं काही तो पडला असता तर मी त्याला वर ओढणार होते.

मी पहिला अर्ज दिला तो आप्पांनी शिकवला तसाच, आणि दिला तोही सरपंच म्हणून आप्पांनाच. विषय एका ओळीत. आप्पांनी तो वाचला, अक्षर चांगलं आहे अजून, म्हणाले, चहा दिला. मग काही झालं नाही. तेव्हा नितेश ग्रामसभेला गेला. धाप लागत होती तरी उभा राहिला आणि त्याने विचारलं, की देऊळवाडीचा रस्ता सरपंचांच्या अंगणापर्यंत काँक्रीटचा झाला, मग बागवाडीचा साकव तीन वर्षं मागे का. सभेत कोणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत. बागवाडीने मागच्या निवडणुकीत त्यांना मतं दिली नव्हती हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. आप्पा शांतपणे म्हणाले, “अर्ज ठेवून जा. बघू.” त्यानंतर मी पाच अर्ज दिले. प्रत्येकाची पोच माझ्याकडे आहे. चहा मात्र पुन्हा कधी दिला नाही त्यांनी. एकदा जिल्हा परिषदेत जाऊन चौकशी केली, तर तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या पंचायतीकडून प्रस्तावच आलेला नाही, आम्ही काय करणार.

बावीसच्या जुलैतल्या एका सोमवारी पाऊस असा कोसळला की पऱ्याने साकवाचा मधला भाग ओढून नेला. मंगळवार चुकला. तालुक्याला फोन केला, ते म्हणाले सरपंचांमार्फत कळवा, म्हणजे पथक पाठवता येईल. मी आप्पांना फोन केला. म्हणाले, “पाणी उतरलं की बघू, वैष्णवी. धीर धर.” बुधवारी वाडीतले सहाजण त्याला खुर्चीत घालून डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून पलीकडच्या गावात न्यायला निघाले. कातळावर शेवाळ, वारा असा की खुर्ची सरळ राहीना. अर्ध्यातून परत आले. गुरुवारी त्याचे पाय, तोंड सुजलं, आडवं झोपता येईना. मी पुन्हा फोन केला, तो आप्पांनी उचलला नाही. शुक्रवारी सकाळी पाणी उतरायला लागलं. पलीकडे रुग्णवाहिका येऊन उभी होती, मला आमच्या अंगणातून तिचा चालक दिसत होता, छत्री धरून पाण्याकडे बघत होता. नितेशने उशीला टेकून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आली बघ.” तेवढंच बोलला, आणि पलीकडे न्यायच्या आधीच गेला. ती दारापर्यंत आली असती तर तो नक्की जगला असता, असं नाही म्हणत मी. पण रत्नागिरी तासाभरावर होती, नमू. तो मेला तो रोगाने नाही.

तू फोनवर हात जोडलेलं चित्र पाठवलंस. बाराव्याला आली नाहीस. सुट्टी मिळाली नसेल, असं मी सासूबाईंना सांगितलं. आप्पा आले होते. ओटीवर बसले, नशीब म्हणाले, त्याच्या आजाराबद्दल बोलले, साकवाचं नाव काढलं नाही. त्या दिवशी ते एक वाक्य बोलले असते, चुकलं माझं एवढंच, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. मला आप्पांवर रागावायचं नव्हतं. मला दुसरं कोणी हवं होतं रागावायला.

त्याच वर्षाच्या शेवटी निवडणूक लागली, सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. बागवाडीची माणसं माझ्या दारात आली. सासूबाई म्हणाल्या, उभी राहा. मी उभी राहिले, देऊळवाडीतल्याही बायकांनी मला गुपचूप मतं दिली. पहिलं काम साकवाचं धरलं. वर्ष-दीड वर्ष जिल्हा परिषदेचे उंबरे झिजवले आणि तो रुंद करून घेतला, आता त्यावरून रुग्णवाहिका सरळ वाडीत येते. उद्घाटनाला कोणाला बोलावलं नाही. सासूबाई एकट्याच पलीकडे गेल्या, परत आल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. मला वाटलं होतं, माझा राग तिथे संपेल. कदाचित संपलाही असता. पण प्रस्तावाला जुने ठराव जोडायचे म्हणून मी आधीच्या वर्षांची इतिवृत्तं काढली होती. त्यात बागवाडी साकव हा विषय पाच वेळा येतो, आणि चार वेळा पुढे लिहिलं आहे, विषय तहकूब. पाचव्या वेळी, ४ जुलै २०२२ ला, लिहिलं आहे, 'सदर साकव सुस्थितीत असून दुरुस्तीची आवश्यकता दिसून येत नाही.' खाली तुझ्या आप्पांची सही आहे. ती लफ्फेदार सही मी प्रगतिपुस्तकावर आठ वर्षं पाहिली आहे, दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. ४ जुलै. त्यानंतर नितेश अठरा दिवस जगला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या वर्षी एप्रिलात देऊळवाडीत नळाची नवी लाइन टाकली. तुमच्याकडची वरची नऊ घरं शेवटची. रस्ता खोदताना तिथला पाइप फुटला आणि पाणी बंद झालं. आप्पा स्वतः अर्ज घेऊन आले. विषय एका ओळीत. मी उठून उभी राहिले, अर्ज दोन्ही हातांनी घेतला, पोच दिली, आणि म्हणाले, “ठेवून जा आप्पा. बघू.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेव्हाच कळलं असं मला वाटतं. पुढच्या महिन्यात आले, त्याच्या पुढच्या महिन्यात आले. दर वेळी मी त्यांना बाकावर बसवून ठेवायची आणि माझ्यापुढचे सगळे कागद संपेपर्यंत मान वर करायची नाही. मासिक सभेत विषय यायचा, मी तहकूब करायची. बाकीचे सदस्य गप्प बसायचे, त्यांना तशी सवय आप्पांनीच लावली होती.

पण त्या नऊ घरांत हौसाकाकीचंही घर आहे. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, ती देवळाच्या विहिरीवरून पाणी न्यायची. एक दिवस वाटेत मला अडवून म्हणाली, “तुजा राग तेच्यावर, नि हांडा माज्या डोक्यावर कशाला गो?” मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही. दुसरी एखादी असती तर तिने त्याच दिवशी पाइप जोडून टाकला असता. मी काय केलं सांगू? केरूला घेऊन हौसाकाकीच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ बसवला आणि खालच्या आठ घरांची सोय लावली. तुमचं एकच घर कोरडं ठेवलं. केरू पान्हा हातात घेऊन म्हणाला, एवढ्यात वरचं पण करून टाकू काय, माझ्याकडे तुकडा आहे. मी म्हणाले, सभेत मंजुरी झाली की करू.

फेब्रुवारीत आप्पा शेवटचे आले. कार्यालयात आम्ही दोघंच होतो. म्हणाले, “वैष्णवी, किती दिवस चालायचं हे?” मी म्हणाले, “नितेश चार दिवस थांबला होता.” ते म्हणाले, पाणी एवढं चढेल याची मला कल्पना नव्हती. तेव्हा मी कपाटातून इतिवृत्ताचं पुस्तक काढलं, ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांच्या सहीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं नाही. पुस्तक मिटलं, माझ्याकडे सरकवलं, काठी घेतली आणि गेले. मला ते वाक्य त्यांच्या कानांवर घालायचं होतं, ते राहून गेलं.

मग शिमगा आला. पालखी तुमच्या घरी यायच्या दिवशी अंगण सारवायला पाणी हवं, पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर घालायला पाणी हवं, आणि आप्पा तर मानकरी. रोज पाणी भरणारा गडी आला नव्हता. सकाळी आप्पा स्वतः बादली घेऊन सार्वजनिक नळावर आले. रांगेत बायका होत्या, त्या बाजूला झाल्या, एकीने बादली भरून देते म्हटलं. त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. ओळीत उभे राहिले, आपली पाळी आल्यावर भरली, आणि दोन-दोन पावलांवर टेकवत चढ चढायला लागले. मी समोरच्या दुकानापाशी उभी राहून बघत होते. मला आनंद झाला, नमू. खोटं लिहीत नाही. एवढा आनंद मला साकव झाला तेव्हाही झाला नव्हता. ते एकदा थांबले, मागे वळले, मला पाहिलं, आणि पुन्हा बादली उचलली. संध्याकाळी पालखी आली तेव्हा त्यांनी वाकून तेच पाणी पायांवर घातलं. गावाने ते पाहिलं. गुढीपाडव्यानंतर तू त्यांना घेऊन गेलीस. घराला कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी केरूने पाइप जोडला. तुमच्या परसातल्या नळाला आता रोज सकाळी पाणी येतं.

याची तक्रार माझ्यावर जरूर कर. सरपंचाने आकसाने एका घराचं पाणी अकरा महिने तोडलं, असं माझ्याच अक्षरात, माझ्या सहीने तुझ्या हातात आहे. वर पाठव, मी नाकारणार नाही. पण त्यासाठी मी लिहिलेलं नाही. तू परवा फोनवर म्हणालीस, काचबिंदूने आप्पांची नजर तिकडे आल्यापासून जवळजवळ गेली, पेपरसुद्धा रोज तूच वाचून दाखवतेस. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. उद्या पेपरच्या आधी हे पत्र वाच. सुरुवातीपासून, आरे-वारेपासून, काही न गाळता. ४ जुलैचं वाक्य आलं की सावकाश वाच, तारखेसकट, सहीसकट. माझ्यासमोर त्यांनी पुस्तक मिटलं. तुझं तोंड ते मिटवू शकणार नाहीत. ते म्हणतील पुरे, तरी थांबू नकोस. गावाने त्यांना मान दिला, मी त्यांना पाण्यासाठी रांगेत उभं केलं, पण यातल्या कशानेही त्यांच्या आतलं काही हललं असेल असं मला वाटत नाही. त्यांना जगात एकाच माणसाची लाज वाटते, आणि ती तू आहेस. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुला लिहिलं.

हे वाचून झाल्यावर तुला चालत असेल तर,
तुझीच,
वैष्णवी